बेफिकीर बाप आणि पुढचा भाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका बापाविषयी बोलणार आहे. हा बाप हाडामांसाचा नाही. रंगानं पिवळाजर्द, पोट सुटलेलं, टाळूवर मोजून दोन केस आणि हाताला चारच बोटं. त्याचं नाव होमर सिम्पसन. अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ नावाच्या कार्टून मालिकेतला हा गृहस्थ. १९८७ साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला आणि अजून तिथून हललेला नाही. पोरांवर त्याचा जीव आहे. आणि पोरांच्या जिवाला त्याच्याइतका धोका दुसऱ्या कुणाचा नाही.

तुम्ही म्हणाल, मराठीत कविता लिहिणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या मिरजेच्या माणसाला हा पिवळा अमेरिकन कुठं भेटला? तर तो माझ्या मुलीनं भेटवला. गेल्या ईदला ती माहेरी आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, ‘‘अब्बा, जरा इथं बसा. तुम्हाला एक माणूस दाखवायचाय.’’ पाचच मिनिटं झाली असतील. पडद्यावरचा तो बाप मुलाला खेळाच्या मैदानावर विसरून घरी आरामात लोळत होता आणि बाहेर धो धो पाऊस पडत होता. मुलगी माझ्याकडं वळली आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, ‘‘ये तो तुमीच है, अब्बा.’’

आमच्या दखनीत हा जो ‘च’ आहे ना, तो मराठीनं दिलेला. ठासून सांगायचं असलं की तो लागतो. त्या रात्री तो मला चांगलाच लागला.

मग मी ही मालिका पाहू लागलो. आधी थोडं रागानं, नंतर कुतूहलानं, आणि शेवटी आरशात पाहावं तसं.

थोडी माहिती सांगतो. मॅट ग्रेनिंग नावाच्या व्यंगचित्रकारानं हे कुटुंब काढलं. दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांनी त्याला भेटायला बोलावलं होतं. तो दाराबाहेर थांबला होता आणि त्या थोड्या वेळात त्यानं घाईघाईनं हे घर कागदावर उतरवलं, असं तो सांगत आला आहे. नावंही त्यानं घरातलीच घेतली. वडिलांचं नाव होमर, आईचं मार्गारेट म्हणून बायको मार्ज, बहिणींची नावं लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं त्यानं दिलं नाही. मुलाचं नाव ठेवलं बार्ट. इंग्रजीत व्रात्य पोराला ‘ब्रॅट’ म्हणतात. त्यातली अक्षरं इकडची तिकडं केली की बार्ट होतं. सुरुवातीला ‘ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमात मिनिटा-दोन मिनिटांचे तुकडे म्हणून हे कुटुंब यायचं. १७ डिसेंबर १९८९ पासून अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली. बार्ट तेव्हा दहा वर्षांचा होता, लिसा आठ वर्षांची, मॅगी तोंडात चोखणी घेतलेली वर्षाची पोर. आजही त्यांची वयं तेवढीच आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडं येणार आहे.

होमर नोकरी कुठं करतो, माहीत आहे? अणुऊर्जा केंद्रात. पद कोणतं? सुरक्षा निरीक्षक! मालिकेच्या नामावलीतच त्याचं सगळं चरित्र येऊन जातं. सुटीचा भोंगा होतो, तसा होमर हातातलं काम टाकून पळतो. त्या गडबडीत किरणोत्सर्गी कांडीचा चमकणारा तुकडा त्याच्या कॉलरमध्ये अडकतो. घरी जाताना मानेला टोचतं, तेव्हा तो तुकडा काढून गाडीच्या खिडकीतून रस्त्यावर भिरकावून देतो आणि मजेत पुढं जातो. त्याच रस्त्यानं त्याचा मुलगा चाकांच्या फळीवरून घरी चाललेला असतो. एक शब्द नाही, एक स्पष्टीकरण नाही. आपण हसतो. आणि जरा थांबून विचार केला, तर अंगावर काटा येतो.

पण हा सुरक्षा निरीक्षक झाला कसा, ती गोष्ट त्याहून भारी आहे. १९९० च्या जानेवारीतल्या एका भागात बार्टच्या शाळेची सहल अणुकेंद्र पाहायला येते. होमर एक छोटी गाडी चालवत असतो. तेवढ्यात त्याला मुलांच्या घोळक्यात आपला मुलगा दिसतो. बाप खूश! समोरचं लक्ष उडतं आणि गाडी नेमकी एका नळावर आदळते. नोकरी जाते. निराश झालेला होमर जीव द्यायला पुलावर जातो. त्याला अडवायला घरचे धावत येतात, तर भरधाव गाडी त्यांच्याच अंगावर येते, आणि हा मरायला निघालेला माणूस त्यांना बाजूला ओढून वाचवतो. मग त्याला वेडच लागतं. गावभर सुरक्षेच्या पाट्या लावत सुटतो. शेवटी अणुकेंद्रच त्याच्या मोहिमेचं लक्ष्य होतं, तेव्हा मालक त्याला सुरक्षेचं पद देऊन गप्प बसवतो.

हा भाग पाहताना मी एकदम उठून उभा राहिलो. कारण ही गोष्ट मी आधी पाहिली होती. मिरजेत. १९७५ च्या सुमारास.

माझे अब्बा स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. बाजारातल्या एका बोळात त्यांचं टपरीवजा दुकान होतं. तिथं रॉकेलचा वास, पितळेचे बर्नर, पिना, वायसर आणि त्यांच्या मधोमध मी. पंप मारून स्टोव्ह पेटवला की ज्योत आधी पिवळी भडकायची आणि मग निळी व्हायची. ती निळी व्हायची वेळ अब्बा मला जवळ बोलावून दाखवायचे. ‘‘देख, आता बोलायला लागला बघ,’’ म्हणायचे. दुसऱ्या कुठल्याही बापानं पोराला तिथून लांब ढकललं असतं. अब्बा जवळ ओढायचे, कारण त्यांना ती ज्योत सुंदर वाटायची आणि सुंदर वस्तू पोरानं बघायलाच पाहिजे असं त्यांचं मत होतं. दोनदा माझ्या भुवया जळल्या. अम्मा रडली. अब्बांनी दोन्ही वेळा कान धरले आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत विसरले.

एकदा सांगलीला एका लग्नघरी गॅसबत्ती पोचवायची होती. अब्बांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, हँडलला बत्ती अडकवली आणि निघाले. अब्बांचा गळा छान होता. मोकळा रस्ता मिळाला की ते गायला लागायचे. त्या दिवशीही गात होते. मी सहा वर्षांचा. मला डुलकी लागली आणि माझा उजवा पाय मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेला.

मी ओरडलो. पण अब्बा वरच्या सुरात होते. त्यांना एवढंच कळलं की सायकल जड झाली. चिखल अडकला असेल म्हणून त्यांनी पायडल आणखी जोरात मारलं.

श्रोतेहो, हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलं आहे. ‘त्यांनी पायडल आणखी जोरात मारलं.’ त्यात वाईट हेतूचा एक कणही नाही. पण टाचेची कातडी त्यानं सोलून निघाली.

नंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. अब्बांनी सायकल, बत्ती, सगळं रस्त्यावर टाकलं. मला उचलून मिरजेच्या दिशेनं ते धावत सुटले. त्यांचा सदरा रक्तानं भिजला होता आणि ते मोठमोठ्यानं रडत होते. दवाखान्यात टाके घालताना माझ्यापेक्षा तेच जास्त ओरडले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. मला मात्र त्या दिवशीचा एक विचित्र आनंद अजून आठवतो. अब्बांच्या छातीशी इतका वेळ मी आधी कधीच राहिलो नव्हतो.

पुढं अब्बांनी काय केलं असेल? रॉकेलचे रिकामे डबे कापले, पत्रा ठोकून सपाट केला आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी फुकट पत्रा बसवून दिला. घरोघरी जाऊन सांगायचे, ‘‘पोराचा पाय जातो हो, बसवून घ्या.’’ महिनाभर हाच धंदा. होमरनं पाट्या लावल्या, अब्बांनी पत्रे. आणि सगळ्या गावाच्या सायकली झाल्या, एक तेवढी राहिली. त्यांची स्वतःची. त्या उघड्या चाकाच्या सायकलवरूनच मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, दोन्ही पाय फाकवून.

आता सांगा, या माणसावर रागवायचं की हसायचं? की त्याला जवळ घ्यायचं? कार्टूनवाल्यांना हीच अडचण पडली आणि त्यांनी तिन्ही गोष्टी एकदम करायचं ठरवलं. काळ्या विनोदाची युक्ती हीच आहे.

होमरचे असे किती भाग सांगू? एका भागात बार्टला स्केटबोर्डवरून खोल दरी उडी मारून पार करायची असते. शिक्षा करून ऐकत नाही, समजावून ऐकत नाही. तेव्हा होमर म्हणतो, मग मीच उडी मारतो, तुला कळू दे बघताना जिवाचं काय होतं ते. मुलगा विरघळतो, शब्द देतो, की नाही मारणार उडी. बापलेकांचं प्रेम उतू जातं. आणि त्याच क्षणी होमरच्या पायाखालची फळी उतारावरून घरंगळते. तो दरीत पडतो. वर काढून रुग्णवाहिकेत घालतात, तर ती झाडावर आदळते आणि होमर पुन्हा त्याच दरीत. १९९० चा हा भाग मी तीनदा पाहिला. उपदेश मनापासूनचा आहे, कृती मनापासूनची आहे, फक्त पायाखालच्या उताराकडं लक्ष नाही.

१९९५ मध्ये एक भाग आला. त्यात होमर आणि मार्ज एक दिवस विश्रांतीला बाहेर जातात. इकडं शाळेत बार्टच्या डोक्यात उवा सापडतात, लिसाचे बूट दांडगट पोरं पळवतात. बालकल्याण खात्याची माणसं घरी येतात, पसारा बघतात आणि तिन्ही मुलांना काढून शेजारच्या देवभोळ्या, नीटनेटक्या फ्लँडर्सच्या घरी ठेवतात. आईबापांना पालकत्वाच्या वर्गात बसावं लागतं. शेजारघर स्वच्छ आहे, शिस्तीचं आहे, जेवण वेळेवर आहे. तरी मुलांना आपलं घर आठवतं. आपल्याकडं असं खातं कधी दारात आलं नाही. आमच्या मोहल्ल्यात ते खातं दादीमाच्या रूपानं ओट्यावर बसलेलं असायचं. समोरच्या कासारकाकू होत्या, कोपऱ्यावरचा न्हावी होता. एका अब्बांच्या बेफिकिरीवर चाळीस डोळ्यांचा पहारा होता. मी जगलो त्यात अब्बांच्या प्रेमाचा वाटा किती आणि त्या चाळीस डोळ्यांचा किती, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. आता मांडतो, तर डोळ्यांचं पारडं जड भरतं.

आणि त्या चाळीसांतले दोन डोळे अम्माचे. त्यांविषयी बोलायलाच हवं. होमरची बायको मार्ज पाहा. निळ्या केसांचा उंच बुचडा, गळ्यात लाल मणी आणि घशातल्या घशात येणारा एक वैतागलेला हुंकार. होमर सांडतो, ती पुसते. तो विसरतो, ती आठवण ठेवते. नामावलीत एका क्षणी दुकानाच्या काउंटरवर वाणसामानाबरोबर छोटी मॅगीही पट्ट्यावरून सरकत जाते. मॅगी दिसत नाही म्हणून मार्जचा जीव एका सेकंदात वर-खाली होतो. बापाचं हसू आणि आईचा धसका, दोन्ही त्याच मिनिटभरात. बेफिकीर बापाचा विनोद होतो, कारण मागं एक काळजीवाहू आई उभी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तीच आई बेफिकीर दाखवा. कुणी हसणार नाही. आपल्या जगात बापाच्या चुकीचा किस्सा होतो आणि आईच्या चुकीचा गुन्हा. अब्बांच्या सायकलची गोष्ट आमच्या घरी लग्नाकार्यांत हसत हसत सांगितली जायची. त्या वेळी अम्मा उठून आत जायची. ती का जायची, हे कळायला मला मार्जचा हुंकार ऐकावा लागला.

मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकेतही बरीच ओरड झाली. १९९२ च्या जानेवारीत तिथले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन्स ही मंदीच्या काळातल्या एका गरीब, सुशील कुटुंबाची जुनी मालिका. काही दिवसांतच बार्टनं पडद्यावरून उत्तर दिलं : आम्हीपण वॉल्टन्ससारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय!

सगळंच मला आवडलं असं नाही. होमर चिडला की बार्टचा गळा दाबतो, जीभ बाहेर येईपर्यंत. हा त्यांचा सुरुवातीपासूनचा ठरलेला विनोद. मला तिथं हसू आलं नाही. लक्ष नसणं वेगळं आणि हात उगारणं वेगळं. मालिकावाल्यांनाही हे टोचत असावं. २०११ मध्ये त्यांनी या गळा दाबण्यावरच एक भाग केला. त्यात होमरचा स्वतःचा गळा दाबून त्याला मुलाची जागा दाखवली जाते. २०२३ च्या एका भागात तर होमरच सांगतो की काळ बदलला, आता मी तसं करत नाही. त्यावर वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या.

या विनोदाचं टोक पाहायचं असेल, तर ‘हॅपी ट्री फ्रेंड्स’ नावाचं कार्टून आहे. २००० च्या सुमारास ते इंटरनेटवर आलं. माझ्या भाच्यानं दाखवलं. बोलणं जवळजवळ नाहीच, नुसते चिवचिवाटासारखे आवाज. ससे, खारी, अस्वलं, सगळी बाहुल्यांसारखी गोंडस. त्यात एक अस्वल बाप आहे, तोंडात पाइप, अंगात लाल झगा. त्याचं दुपट्यातलं बाळ, डोक्यावर पंख्याची टोपी. बाप बाळावर खरोखर माया करतो. फक्त क्षणभर पाठ फिरवतो. आणि बाळ मरतं, फार भयानक तऱ्हेनं. बापाला पुष्कळदा ते उशिरा कळतं, कधी कळतच नाही. पुढच्या भागात बाळ पुन्हा जिवंत, टोपीसकट. गंमत म्हणजे त्या छोट्या भागांच्या शेवटी एखादा सुविचार येतो, लहान मुलांना द्यावा तसा. मी ते फार वेळ पाहू शकलो नाही. लहान मुलांनी तर पाहूच नये. पण त्यातलं सत्य मी नाकारणार नाही. त्या अस्वलाचा गुन्हा एवढाच, की तो एक क्षण दुसरीकडं पाहतो.

श्रोतेहो, आता मघाची वयाची गोष्ट. बार्ट दहाचाच राहतो, मॅगी एक वर्षाचीच राहते, अस्वलाचं बाळ पुन्हा उठतं. म्हणून आपण हसू शकतो. कार्टूनमधल्या बापाला पुढचा भाग मिळतो. काल दरीत पडलेला आज नाश्त्याला बसलेला असतो. तुमच्या-माझ्या घरात पुढच्या भागाची हमी नाही. टाच भरून आली तरी व्रण राहतो, आणि माझी तर टाचच होती.

सिम्पसन्सच्या लेखकांना हे कळत नव्हतं असं नाही. १९९७ मध्ये त्यांनी एक भाग केला, त्यांच्या सर्वांत काळ्या भागांपैकी एक. फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस होमरच्या कचेरीत येतो. आयुष्यभर कष्ट केलेला, नेटका. त्याला कळेचना की इतका बेफिकीर माणूस जिवंत कसा आणि सुखी कसा. शेवटी त्याचा तोल सुटतो. मीपण होमरसारखा वागतो म्हणून तो थैमान घालतो, उच्च दाबाच्या तारांना उघड्या हातानं शिवतो आणि जागीच मरतो. त्याच्या दफनविधीला होमर डुलक्या घेतो, झोपेत काहीतरी बरळतो आणि जमलेले लोक हसतात. खरा माणूस कार्टूनच्या नियमांनी जगू गेला तर काय होतं, हे त्यांनी एवढ्या स्पष्ट दाखवलं.

मग हा होमर आपल्याला प्रिय का? त्याचं उत्तर १९९५ च्या आणखी एका भागात आहे. मुलं विचारतात, घरच्या अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत? होमर गोष्ट सांगतो. अणुकेंद्रातली नोकरी सोडून तो आवडीच्या कामाला, बोलिंगच्या क्लबात लागला होता. आनंदात होता. तेवढ्यात मार्जला तिसऱ्यांदा दिवस गेले. पैसे पुरेनात. ज्या मालकाला टाकून बोलून आला होता, त्याच्याच पुढं गुडघ्यांवर जावं लागलं. मालकानं त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकली, की लक्षात ठेव, तू इथं कायमचा आहेस. होमरनं त्या पाटीवर मॅगीचे फोटो अशा बेतानं चिकटवले, की उरलेल्या अक्षरांचा अर्थ झाला : तिच्यासाठी कर. अल्बममधले फोटो तिथं आहेत.

मी डोळे पुसले. मुलगी म्हणाली, ‘‘आता रडू नका, अब्बा. तुम्ही असं केलंयत, मला ठाऊक आहे.’’ मी कारकुनीत तीस वर्षं काढली ती तिच्या शिक्षणासाठी, हे ती जाणते. पण तिला दुसरंही ठाऊक आहे.

ती चार वर्षांची असताना मी तिला मीरासाहेबांच्या उरुसाला नेलं होतं. गर्दी मरणाची. एक कवीमित्र भेटला. त्यानं विचारलं, नवीन काय लिहिलं? मी उभ्या उभ्या म्हणून दाखवायला लागलो. शेवटच्या ओळीला हात वर केला, तेव्हा कळलं की त्या हातात आधी एक बोट होतं. पाऊण तास मी वेड्यासारखा फिरलो. ती सापडली एका बांगडीवालीच्या पालावर. त्या बाईनं तिला मांडीशी बसवलं होतं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या भरल्या होत्या. पोर रडत नव्हती. मला पाहून बाईला म्हणाली, ‘‘मैं नई, अब्बा गुम गए थे.’’ बायकोला मी ही गोष्ट नऊ वर्षं सांगितली नाही. अब्बांना मात्र त्याच रात्री सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या उजव्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तू माझं दुसरं काही घ्यायचं होतंस.’’

अब्बा २००४ मध्ये गेले.

गेल्या महिन्यात मुलगी पुन्हा आली होती. तिचा मुलगा आता आठ महिन्यांचा आहे. रांगतो, सापडेल ते तोंडात घालतो. तिला कामासाठी तीन तास बाहेर जायचं होतं. माझी बायको भावाच्या आजारपणात कोल्हापूरला. घरात मी एकटा. मुलगी दारात उभी राहिली. पर्स खांद्यावर, चप्पल पायात, आणि जाईना. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसलं. लॅपटॉपवर तिनं मला तो माणूस का दाखवला, तेही तेव्हा कळलं. ती चेष्टा करत नव्हती. विचारत होती.

मी म्हणालो, ‘‘जा. फोन आतल्या खोलीत ठेवतो. वहीसुद्धा.’’

ती गेली. ते तीन तास मी त्या पोराकडं असं पाहिलं, जसं मी जन्मात काही पाहिलं नव्हतं. त्यानं चटईची काडी उचलली, मी काढून घेतली. तो उंबऱ्याकडं गेला, मी आडवा झालो. एक चांगली ओळ सुचत होती, मी तिला हाकलून दिली. शेवटी तो माझ्या हाताशी झोपला आणि मी त्याच्या पोटावर तळवा ठेवून बसून राहिलो, श्वास मोजत.

कुलूप उघडलं आणि मुलगी धावतच आत आली. बाळाकडं नाही, स्वयंपाकघराकडं. घरभर जळका वास पसरला होता. दीड तासापूर्वी त्याच्यासाठी दूध तापत ठेवलं होतं ते मी साफ विसरलो होतो. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली असती तर काय झालं असतं, हे मला सांगायची गरज नव्हती. स्टोव्हवाल्याचा पोरगा आहे मी.

तिनं गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या. मग येऊन माझ्याशेजारी बसली आणि झोपलेल्या बाळाकडं, त्याच्या पोटावरच्या माझ्या हाताकडं पाहत राहिली. ‘तुमीच’ म्हणेल असं वाटलं. म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठली, पातेलं भिजत घातलं आणि सांगितलं, ‘‘पुढच्या शनिवारी पुन्हा यायचंय मला. तीन तासच. पण गॅसचा कॉक मी जाताना बंद करून जाईन.’’

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून अब्बांची जुनी कात्री काढली. रॉकेलचे डबे आता मिळत नाहीत. तेलाचा एक डबा कापला, पत्रा ठोकून सपाट केला. घरी एकच सायकल आहे, माझी. तिच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पत्रा बसवला. नातू कॅरिअरवर बसायला अजून चार-पाच वर्षं आहेत. पण विसरायला नको.